शेततळ्यासाठी ऑक्सिजन मीटर: गॅल्व्हानिक प्रोब की पोलरोग्राफिक?

खानापूर-निपाणीकडे शेततळ्यात रोहू-कटला सोडले असतील आणि मीटर घ्यायचा असेल, तर माझं मत आधीच सांगतो: गॅल्व्हानिक घ्या.

दोन्ही प्रोबचं, म्हणजे मीटरच्या पाण्यात बुडवायच्या टोकाचं, आतलं काम एकच. विरघळलेला ऑक्सिजन पातळ पडद्यातून झिरपतो, आतल्या द्रावणातून धातूच्या कॅथोडपर्यंत (ऋण टोकापर्यंत) येतो आणि तिथं प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड होतो. आलेला रेणू लगेच खपत असल्यानं मागून नवा किती वेगानं येतो, त्यावरच विद्युतप्रवाह ठरतो. म्हणून प्रोब पाण्यात नुसता धरून ठेवला, तर पडद्यालगतचा ऑक्सिजन संपतो आणि आकडा खोटाच उतरत जातो. प्रोब सावकाश हलवत राहायचं. अनेकजण नेमकं हेच विसरतात आणि दोष मीटरला देतात.

पोलरोग्राफिक प्रोब ही अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांची १९५० च्या दशकातली रचना. सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा कॅथोड, चांदीचा ॲनोड (दुसरं टोक) आणि बाहेरून दिलेला सुमारे ०.८ व्होल्टचा विद्युतदाब. चालू केल्यावर आकडा स्थिरावायला बहुधा ५ ते १५ मिनिटं जातात. गॅल्व्हानिकमध्ये चांदीचा कॅथोड आणि जस्ताचा किंवा शिशाचा ॲनोड असतो. दोन धातूंमधल्या फरकातूनच विद्युतदाब मिळतो, त्यामुळे प्रोब कायम तयार. मात्र मीटर बंद असतानाही ॲनोड झिजत राहतो. हा खर्च मला मान्य आहे, कारण तळ्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे. आषाढात दिवसभर ढग असले, की शेवाळ पुरेसा ऑक्सिजन बनवत नाही आणि रात्री मात्र मासे-शेवाळ दोघंही तो वापरतात. मासे वर येऊन तोंड उघडू लागल्यावर पंधरा मिनिटं थांबणं परवडत नाही.

गाळातला हायड्रोजन सल्फाइड चांदी काळी करतो, तेव्हा प्रोब तळाच्या चिखलात टेकवू नका. साखर कारखान्याच्या सांडपाण्यासाठी यांपैकी एकही नको, प्रकाशाच्या मदतीनं मोजणारा ऑप्टिकल प्रोब बघा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, जिथं मीटर आधी चालू करून ठेवता येतो, तिथं पोलरोग्राफिक चांगला.

कोणताही घेतलात तरी मीटरमध्ये ठिकाणाची उंची भरायची सोय आहे का, ते तपासा. २५ अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. बेळगावच्या साधारण ७५० मीटर उंचीवर तो साडेसातच्या आसपासच भरतो.