गेफिल्टे फिश घरी करताना: रश्श्यात शिजवलेले गोळे की ओव्हनमध्ये भाजलेला लोफ?

पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यू कुटुंबांत शब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) आणि पेसाह या सणाच्या जेवणात सुरुवातीलाच वाढला जाणारा गेफिल्टे फिश हा माशाच्या खिम्याचा पदार्थ घरी करायचा ठरवल्यावर पहिला प्रश्न पद्धतीचा येतो. माशाच्या खिम्याचे गोळे काट्यांच्या रश्श्यात मंद आचेवर शिजवावेत, की तोच खिमा पावाच्या साच्यात घालून त्याचा लोफ भाजावा? माशाचे कातडे अखंड सोलून त्यातच खिमा भरण्याची जुनी रीत अतिशय सुंदर असली, तरी पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये.

खिमा दोन्हीकडे सारखाच असतो. एक किलो काटे काढलेल्या माशाला दोन कांदे, तीन अंडी, अर्धी वाटी मात्झोचा (न फुगवलेल्या, पातळ कुरकुरीत ज्यू पोळीचा) चुरा, मीठ आणि मिरपूड पुरते. पेसाहच्या दिवसांत फुगवलेला पाव वर्ज्य असल्यामुळे पावाचा चुरा तेव्हा चालत नाही. मिक्सर सतत फिरवल्यास मासा चिकट होऊन शिजल्यावर रबरासारखा लागतो, म्हणून तो थांबून थांबून फिरवावा. कच्चे मिश्रण चाखू नये. लहानशी गोळी उकळत्या पाण्यात शिजवून मिठाचा अंदाज घ्यावा.

रश्श्याची पद्धत मला अधिक मोलाची वाटते आणि त्याचे कारण काट्यांत आहे. डोके, काटे, कातडे, कांदा व गाजर पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळून गाळलेल्या रश्श्यात, ओल्या हाताने वळलेले लांबट गोळे हलकेच सोडून सुमारे सव्वा तास शिजवतात आणि त्याच रश्श्यात निवू देतात. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर रस्सा थरथरत्या जेलीसारखा गोठतो. त्या जेलीचा चमचाभर भाग आणि गाजराची चकती हा प्रत्येक गोळ्याचा हक्काचा मान आहे. मात्र डोक्यातील कल्ले आधी काढलेच पाहिजेत, नाहीतर सगळा रस्सा कडवटतो.

लोफ १८० अंश सेल्सिअसला साधारण तासाभरात होतो, वास घरभर कमी पसरतो आणि मोठ्या पंगतीसाठी एकसारखे काप पडतात. पण जेली मिळत नाही आणि कडा कोरड्या पडू शकतात. बाजारातून नुसते फिले (काटे काढलेले माशाचे तुकडे) आणले असतील, तर रश्श्यासाठी काटेच नसल्यामुळे लोफ करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

चवीचा निर्णय निराळा आहे. पोलंड आणि गॅलिशिया (आजचा दक्षिण पोलंड व पश्चिम युक्रेनचा भाग) इकडच्या घरांत मिश्रणात भरपूर साखर पडते, तर लिथुआनियाकडे मिरपूड पुढे असते. एकोणिसाव्या शतकात पोलंडमध्ये बीटच्या साखरेचे कारखाने वाढले, त्याच्याशी या गोडव्याचा संबंध जोडला जातो. मार्विन हर्झॉग या अभ्यासकाने तर दाखवले, की गोड आणि तिखट माशाची सीमा यिद्दिश या अश्केनाझी ज्यूंच्या भाषेतील बोलींच्या सीमेशी बरीच जुळते. जेवणाची सुरुवात याच पदार्थाने होत असल्यामुळे माझा कौल मिरपुडीला, सोबत जेमतेम चमचाभर साखर.

मासा कोणता, हे गावावर अवलंबून आहे. तिकडे कार्प, पाइक आणि व्हाइटफिश मिसळतात. पुण्या-मुंबईत करणाऱ्याने रोहू किंवा कटला घ्यावा. दोन्ही कार्पच्याच कुळातले, खवले आणि पर असलेले, म्हणून ज्यू आहारनियमांत बसणारे. कोकणातील बेने इस्राएली या ज्यू समाजाच्या स्वयंपाकात हा नियम पाळला जातो, पण गेफिल्टे फिश ही त्यांची परंपरा नव्हे; तिथे मासा नारळाच्या रसात शिजतो. रोहूच्या मांसात बारीक काटे दडलेले असतात, त्यामुळे खिमा दोनदा दळावा. ही मेहनत टाळता येत नाही, कारण शब्बाथला खाताना काटे वेचून बाजूला काढणे निषिद्ध कामात मोडते आणि हा पदार्थ इतका रुजण्यामागे तेही एक कारण मानले जाते.

दोन्ही प्रकार थंडच वाढतात, सोबत बीट घालून किसलेले झणझणीत हॉर्सरॅडिश (मोहरीसारखे नाकात जाणारे एक मूळ) हवे. ते मिळाले नाही तर साध्या मोहरीच्या चटणीवर भागवता येते, मात्र तेव्हा साखर आणखी कमी करावी.