भरतीच्या पोरांनो, ‘ब्रँडेड शूज महासेल’मध्ये जाण्याआधी हे वाचा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण एकट्या १६०० मीटरला आहेत. त्यामुळे आमच्या अकॅडमीत शूजचा विषय रोज निघतो. बहुतेक पोरं घरून जेमतेम मेसपुरते पैसे मागवतात. काही लोकांना हे नेमकं ठाऊक असतं. भरतीची जाहिरात आली की ते तालुक्याच्या गावात मंगल कार्यालय भाड्याने घेतात आणि बाहेर फ्लेक्स लावतात: ‘ब्रँडेड शूज महासेल, कोणताही जोड १,४९९’.

आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथून शूज घेतले. ते नकली नव्हते. लोगो, शिलाई, खोका, सगळं कंपनीचंच. ‘कस्टममध्ये अडकलेला माल आहे, म्हणून स्वस्त,’ असं विकणारा सांगत होता. सुरुवातीला पायाला छान वाटले. मग एका सकाळी राउंड मारताना माझ्या पुढे पळणाऱ्या मित्राच्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला आणि तो तोंडावर आपटला. घोटा मुरगळला. ऐन भरतीच्या तोंडावर त्याची प्रॅक्टिस बंद पडली, याचा राग मला अजून आहे.

तो बूट आम्ही स्टँडजवळ चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी सोलच्या मधल्या थरात नख घातलं, तर ओल्या बिस्किटासारखा पिवळट भुगा खाली पडला. “याला सोल्युशन लावून काय करू? चिकटायला खाली काही राहिलं पाहिजे ना! माल जुना आहे, पोरा.”

बऱ्याच बुटांच्या या थरात पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणाने ते हळूहळू आतून तुटत जातं, बूट न वापरता खोक्यात पडून असला तरी. म्हणजे वर्षानुवर्षं गोदामात राहिलेला जोड वरून कोरा करकरीत दिसतो आणि पळायला लागलं की फुटतो.

घरी येऊन बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतलं लेबल शोधलं. साइजसोबत उत्पादनाची तारीख बहुतेक कंपन्या तिथेच छापतात. माझ्या जोडातलं लेबल कात्रीने कापलेलं होतं, शिलाईत फक्त धागे उरले होते. बाकीच्यांचेही तसेच. खोक्यावर ‘एमआरपी ६,९९९’चा नवा स्टिकर. तो सोलला तर खाली मूळ स्टिकर, त्यावर साल २०१७. खोक्यावर महिना आणि वर्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तर ते झाकलं होतं. तुम्ही दुकानात उभे असतानाच जीभ उलटून बघा, स्टिकरवर स्टिकर आहे का ते चाचपा, अंगठ्याने मधला थर दाबा. बारीक भेगा दिसल्या तर जोड खाली ठेवा. जुन्या महागड्या मॉडेलपेक्षा यंदाचं साधं मॉडेल कधीही बरं.

आम्ही परत गेलो तेव्हा कार्यालयात हळदीचा मांडव पडला होता. हातात बिल म्हणून ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, तर साहजिकच त्यांनी आधी विक्रेत्याचं नाव आणि पत्ता विचारला. पुढे तोच फ्लेक्स शेजारच्या तालुक्यात लागल्याचं कळलं आणि आमचे सर आम्हाला घेऊन तिथे गेले. पोलीस ठाण्याचं नाव निघाल्यावर यूपीआयने पैसे दिलेल्यांना ते परत मिळाले. रोख देणाऱ्यांना मात्र ‘आमच्याकडूनच घेतले कशावरून?’ हे ऐकून यावं लागलं. घोटा मुरगळलेला मित्रही त्यांच्यातच.

ज्यांनी असे शूज आधीच घेतलेत, त्यांनी कापलेल्या लेबलचे, खोक्याचे आणि भुग्याचे फोटो आजच काढून ठेवा, यूपीआयची नोंदही जपा. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं हीसुद्धा. चिठ्ठीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं, तरी तक्रार करता येते.