कुत्र्याचं लाइफ जॅकेट: पॅडल बोर्डसाठी घेतलं, तीन महिने वापरून लिहितेय

चिकू आमची देशी कुत्री, साडेतीन वर्षांची, वजन १७ किलो, आणि ती आता मालवणजवळ देवबागला कर्लीच्या खाडीत माझ्यासोबत पॅडल बोर्डवर (उभं राहून वल्हवायची तरंगती फळी) बसून फिरते. फोटो बघितला की सगळे आधी बोर्ड कुठला ते विचारतात. बोर्ड साधाच आहे, हवा भरायचा, साडेदहा फुटी, ३३ इंच रुंद. पण माझं सगळं शिकवणं उभं राहिलं ते तिच्या जॅकेटवर, त्यामुळे रिव्ह्यू जॅकेटचाच.

"कुत्र्यांना पोहता येतं की, जॅकेट कशाला" हे घरीदारी सगळ्यांनी ऐकवलं. येतं ना पोहता, पण कुत्रं दमतं पण, आणि घाबरलं की थेट आपल्या अंगावर चढायला बघतं, नखांनी खांदे सोलून निघतात. शिवाय देवबाग म्हणजे एका हाताला समुद्र, एका हाताला खाडी आणि मधे चिंचोळी पट्टी, ओहोटीला खाडीचं पाणी संगमाकडून समुद्रात असं ओढतं की चांगले पोहणारे पण हात टेकतात. आम्ही जिथे उतरतो तिथले होडीवाले काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुकती लागली काय संगमाकडे जाव नकात," म्हणजे ओहोटी लागली की तिकडे जाऊ नका. आम्ही भरती चढत असतानाच उतरतो, म्हणजे पाणी आपल्याला आत गावाकडे ढकलतं.

आता जॅकेट. पहिलं घेतलेलं नऊशे रुपयांचं, पाठीवर शार्कचा पंख, दिसायला फार गोड. घरीच हॉलमध्ये तिला घातलं आणि हँडल धरून हळूच उचललं तर एका बाजूची शिवण टरकन उसवली आणि पोटाखाली फक्त एक बारीक पट्टा असल्यामुळे सगळं वजन त्या पट्ट्यावर आलं, ती बिचारी कळवळली. त्याच दिवशी परत केलं. हे पाण्यात झालं असतं तर काय, हा विचार आजही करवत नाही. म्हणून सांगते, जॅकेट आलं की टॅग काढायच्या आधी कुत्र्याला घालून हँडलने उचलून बघा, नक्की बघा.

दुसरं २४५० ला पडलं आणि हे खरंच चांगलं आहे. पाठीवर दोन हँडल, पोटाखाली रुंद जाड कापड, दोन बकल, आणि गळ्याखाली फोमची एक उशी ज्याने तोंड पाण्याच्या वर राहतं. साइज वजनावरून घेऊ नका. वजनाच्या तक्त्यात चिकू एल मध्ये येत होती, पण पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजला तर ६० सेंटीमीटर, म्हणजे एम. पट्टा लावल्यावर आत दोन बोटं जायला हवीत, त्याहून सैल असेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि कुत्रं त्यातून खाली निसटतं.

शिकवायला घाई केली नाही. पुण्यात घरीच बोर्डची फिन (तळाला असतो तो कल्ला) काढून तो गादीवर ठेवला (हॉल तिरका भरला, नवरा आठवडाभर त्याच्यावरून उड्या मारत किचनमध्ये जात होता), जॅकेट घालून रोज दहा मिनिटं, उकडलेल्या चिकन लिव्हरचे बारीक तुकडे. "वर" म्हटलं की चढायचं हे दोन दिवसात जमलं, पण मी "चल" म्हटल्याशिवाय उतरायचं नाही हे शिकायला बारा दिवस लागले, आणि पाण्यात कामाला आलं ते हेच. मग आम्ही बोर्ड मुद्दाम हलवायला लागलो, आधी नुसती सरकायची, नंतर पाय फाकवून बसायला लागली.

खाडीत पहिले दोन दिवस गुडघाभर पाण्यातच, मी पण गुडघ्यांवर, ती माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे. तिसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि समोरून बगळा उडाला, झालं, ही धपकन पाण्यात! जॅकेटमुळे लगेच वर आली, नाकातोंडात पाणी नाही. मी बोर्डच्या मधोमध गुडघे टेकले, मागचं हँडल धरलं, तिचे पुढचे पाय काठावर टेकेपर्यंत थांबले आणि मग एका दमात ओढून घेतलं. वर येऊन तिने अंग झाडलं, बोर्ड डुगडुगला, आणि जाऊन स्वतःच आपल्या जागेवर बसली. मला खरंच रडू आलं.

तक्रारी आहेत. तिसऱ्या दिवशी बगलेत केस घासून कातडी लाल झाली, आता तिथे जुन्या बनियनचं कापड शिवलंय. वाळू गेली की बकल अडकतं, रोज गोड्या पाण्याने धुवावंच लागतं. आणि जॅकेट गरम होतं फार, कुत्र्यांचा अंगातला उकाडा मुख्यतः धापा टाकूनच बाहेर पडतो, त्यामुळे आम्ही जॅकेट आधी भिजवतो आणि नऊच्या आत परत येतो.

जॅकेट असलं तरी तिच्या पट्ट्याची दोरी बोर्डला कधीही बांधू नका, उलटला तर त्याच दोरीत अडकेल. पिण्याचं पाणी सोबत घ्या, खारं पाणी प्यायली की जुलाब होतात, आमचे झाले. खडकांवर कालवं (धारदार शिंपले) असतात, पंजे कापतात, वाळूवरूनच चढवा. आणि जागा विचारून निवडा, सांगलीला कृष्णेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, तिथे कुत्र्याला पाण्यात नेऊच नका.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो बगलेसाठी. आमच्याकडे केशरी रंग आहे, तोच घ्या, निळं लांबून पाण्यात दिसत नाही.