दोन एचपीचं कडबा कुट्टी मशीन : बालग्रामातल्या गोठ्यातून

जतकडच्या आमच्या बालग्रामात मुलांची घरं, शाळा, शेत आणि गोठा एकाच कुंपणात आहे. म्हणून मशीन घेताना मी वेग नाही, आधी वैरण घालायचं तोंड पाहिलं. पत्रा चांगला लांब आहे, रोलरपर्यंत हात सहज पोचत नाही. रोलर उलटा फिरवायचा दांडाही हाताशीच. हे फार मोलाचं.

शाळूचा कडबा झकास कापतं. अख्खी पेंढी टाकली की गाई पाला ओरबाडायच्या आणि धाटं शेणात तुडवायच्या; आता गव्हाणीत काडी उरत नाही. ओलं हत्तीगवत मात्र थोडं थोडंच घाला, नाहीतर पात्यांना गुंडाळतं.

सिंगल फेजवर, म्हणजे घरच्या लाइटीवर चालतं, त्यामुळे शेतीच्या लाइटीची वाट बघावी लागत नाही. पात्यांना धार वेळेवर लावून घ्या.

तक्रार एकच. मोटरच्या बेल्टवरची जाळी दुकानदारानं वेगळे पैसे लावून दिली. ती सोबतच यायला हवी. लेकरं आसपास असतील तर जाळीशिवाय बटण दाबूच नका. आमच्याकडे स्विचच्या पेटीला कुलूप आहे, किल्ली गोठ्यातल्या मामांच्या कमरेला. मोठी मुलं पेंढ्यांचे बंध सोडून देतात, तेही जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडूनच.