मिडाझोलाम की डेक्समेडेटोमिडिन: मुलांचे पूर्वौषध आणि इंडक्शनची मात्रा

4 वर्षांचे, 16 किलो वजनाचे मूल हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी थिएटरच्या दाराशी येते आणि आईच्या गळ्याला मिठी मारून रडू लागते, तेव्हा पूर्वौषध, म्हणजे भूल देण्याआधी मूल शांत करणारे औषध, द्यायला हवे होते हे सगळ्यांनाच पटते. कोणते द्यावे आणि त्यानंतर इंडक्शनसाठी, म्हणजे भूल सुरू करण्यासाठी, शिरेतून द्यायचे सिरिंजमधले प्रोपोफॉल किती द्यावे, हा निर्णय मात्र त्याच्या बराच आधी घ्यावा लागतो.

मिडाझोलाम तोंडावाटे किलोमागे 0.5 मिलिग्रॅम देतात, म्हणजे या मुलाला 8 मिलिग्रॅम, आणि साधारण 20 ते 30 मिनिटांत मूल शांत होते. औषध कडू असल्यामुळे ते गोड सिरपमधून द्यावे लागते. नाकात घातले तर त्याच्या आम्लतेमुळे इतके झोंबते की ज्या भीतीसाठी ते दिले तीच वाढते. तोंडावाटे दिलेल्या मात्रेचा मोठा भाग आतडे आणि यकृतातच निकामी होतो, त्यामुळे त्याच मात्रेने एक मूल पेंगते, दुसरे नुसतेच हसत राहते आणि एखादे उलट चिडते. मास्क लावल्याची आठवण सहसा उरत नाही, हा याचा मोठा गुण आहे.

डेक्समेडेटोमिडिन नाकातून किलोमागे 1 ते 2 मायक्रोग्रॅम देतात. मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या द्रावणातून या मुलासाठी 0.16 ते 0.32 मिलिलिटर लागते, म्हणजे काही थेंबच, आणि तेही झोंबत नाहीत. परिणामाला मात्र 30 ते 45 मिनिटे लागतात. येणारी झोप नैसर्गिक झोपेसारखी असते, म्हणून ट्रॉलीवर ठेवताना मूल जागे होऊ शकते. नाडी मंदावते, आणि ज्या मुलाची नाडी आधीच मंद आहे किंवा हृदयाच्या विद्युतवहनात दोष आहे, त्याला मी हे देणार नाही.

आता मात्रेविषयी. प्रोपोफॉलच्या माहितीपत्रकात 3 ते 16 वर्षांच्या निरोगी मुलांसाठी किलोमागे 2.5 ते 3.5 मिलिग्रॅम अशी मर्यादा दिलेली आहे, आणि पूर्वौषध न दिलेल्या मुलांना तसेच तोंडावाटे हलके पूर्वौषध दिलेल्या मुलांना ती एकच लागू केली आहे. पूर्वौषध दिले म्हणून ठरावीक मिलिग्रॅम वजा करण्याची सवय त्यामुळे मला धोक्याची वाटते. मात्रा कमी लागते हे खरे आहे, कारण मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल दोन्ही मेंदूची क्रिया मंदावणाऱ्या गाबा ग्राहकांवर काम करून एकमेकांचा प्रभाव वाढवतात, तर डेक्समेडेटोमिडिन मेंदूच्या तळाशी नॉरअ‍ॅड्रेनालिनचा स्राव रोखून वेगळ्या वाटेने जागेपण कमी करते. याशिवाय रडणाऱ्या मुलाच्या हृदयातून दर मिनिटाला अधिक रक्त वाहते आणि शिरेतून दिलेले औषध त्यात अधिक विरळ होते. मूल शांत असले की त्याच मात्रेचा परिणाम अधिक होतो, मग ते कोणत्याही पूर्वौषधाने, किंवा केवळ आईच्या मांडीवर बसवल्याने, शांत झालेले असो.

पापणीची प्रतिक्रिया जाणे, म्हणजे शुद्ध हरपणे, आणि श्वासनलिकेत नळी घालता येणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत, हा भेद तुलनेत निर्णायक ठरतो. पहिल्यासाठी मिडाझोलामची मदत होते. दुसऱ्यासाठी ते फारसे उपयोगी नाही, कारण त्याला वेदनाशामक गुण नाही. लॅरिंगोस्कोपीने, म्हणजे नळी घालण्यासाठी उपकरणाने घसा उघडून पाहिल्याने, वाढणारी नाडी व रक्तदाब डेक्समेडेटोमिडिन अधिक चांगले आवरते. म्हणून नळी घालायची असेल तेव्हा मिडाझोलामच्या भरवशावर प्रोपोफॉल आखडता घेऊ नये. या मुलासाठी मी 48 मिलिग्रॅम, म्हणजे 1 टक्का द्रावणाचे 4.8 मिलिलिटर भरून ठेवीन, पण त्यातले 3 मिलिलिटर सावकाश देऊन पापणी, श्वास आणि रक्तदाब पाहीन आणि मगच पुढचे देईन. डेक्समेडेटोमिडिननंतर हा संयम आणखी हवा, कारण मंद नाडीवर प्रोपोफॉलने उतरणारा रक्तदाब चटकन सावरत नाही.

सेव्होफ्लुरेन या श्वासावाटे देण्याच्या भुलीच्या औषधानंतर उठताना होणारा आकांत डेक्समेडेटोमिडिनने कमी होतो, म्हणून टॉन्सिलसारख्या शस्त्रक्रियेत माझा कल त्याकडे आहे. मात्र झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलाला यांपैकी काहीही द्यायचे तर ऑक्सिमीटर लावूनच द्यावे. शस्त्रक्रियांची यादी भराभर पुढे सरकणारी असेल, तर मिडाझोलाम सोयीचे ठरते. आधीचे ऑपरेशन लांबून मिडाझोलाम देऊन दीड तास उलटला असेल, तर त्याचा शांतवणारा परिणाम बराचसा ओसरलेला असतो, आणि कागदावर पूर्वौषध दिल्याची नोंद असली तरी मुलाला जवळजवळ पूर्ण मात्रा लागू शकते.