वेबओडीएममधलं 'प्लांट हेल्थ': साध्या ड्रोनच्या फोटोंवरून पिकाची तब्येत

पीक सल्ल्याचं काम करताना शेतात पाय ठेवण्याआधी मी वेबओडीएम उघडते. ड्रोनने काढलेले सुटे फोटो जोडून हे मुक्त सॉफ्टवेअर अख्ख्या शेताचा एक सलग नकाशा तयार करतं. उंची, खड्डे-भराव यांची मोजमापंही त्यात होतात, पण माझं काम पडतं ते 'प्लांट हेल्थ' या सोयीशी. तेवढ्याबद्दलच लिहिते.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही. पानातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं, हिरवा त्या मानाने जास्त परत फेकतं. हरितद्रव्य घटलं की पानावरून लाल प्रकाशही जास्त परततो आणि पान पिवळं दिसतं. हा फरक साध्या रंगीत फोटोतही उतरतो. संशोधक गिटेलसन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेला वारी (VARI) निर्देशांक, म्हणजे पिकाचा हिरवेपणा सांगणारा आकडा, यावरच चालतो: हिरव्यातून लाल वजा करायचा आणि त्याला हिरवा अधिक लाल वजा निळा याने भागायचं. यादीतून वारी निवडला की नकाशा लगेच रंगतो. उगवण कुठे विरळ झाली एवढंच बघायचं असेल तर मी 'एक्सेस ग्रीन' हा यादीतला दुसरा निर्देशांक घेते. माती आणि रोप वेगळं करायला तो फार चांगला.

आता जपून वापरायची जागा. रंगांच्या पट्टीला किमान आणि कमाल मूल्य लागतं. ते तुम्ही ठरवलं नाही तर त्या नकाशात जी मूल्यं आहेत त्यांवर पट्टी ताणली जाते. म्हणजे सगळं पीक ठणठणीत असलं तरी त्यातला जरा फिका भाग लाल दिसणारच! तो लाल पट्टा बघून घाईने फवारणीला निघालेले लोक मी पाहिलेत. दोन तारखांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हींना तेच किमान-कमाल द्या. हे आकडे हाताने भरता येतात, आणि माझ्या लेखी या सोयीतलं सगळ्यात मोलाचं बटण हेच.

एका सोयाबीनच्या नकाशात मला दोन ठिकाणी सारखाच लाल रंग दिसला. पहिल्या जागी गेले तर शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार. जमीन चुनखडीची, म्हणजे लोहाची कमतरता. दुसऱ्या जागी शेंड्याची पानं हिरवी होती, पिवळी पडली होती ती खालची जुनी. मुळं उपटून पाहिली तर पिकाला हवेतलं नत्र मिळवून देणाऱ्या गाठी त्यांवर नावापुरत्याच. तिथे पीक नत्राला कमी पडत होतं. उपाय दोन्हीकडे वेगळा आणि नकाशावर रंग एकच. सॉफ्टवेअर 'कुठे' ते दाखवतं, 'का' ते पानाजवळ वाकूनच कळतं. तरी मोठ्या शेतात नेमकं कुठे वाकायचं हे आधी कळणं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. तणाचंही तसंच. तेही हिरवंच, त्यामुळे तणाने भरलेला कोपरा नकाशावर सर्वांत निरोगी दिसू शकतो.

फोटो नीट नसतील तर पुढचं सगळं वाया जातं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. तो दर फोटोला रंग बदलतो आणि नकाशावर चौकटी उमटतात. सूर्य डोक्यावर असताना उडवा म्हणजे सावल्या आखूड पडतात. मधूनच ढग येत असतील तर थांबा. फोटो एकमेकांवर 70 ते 80 टक्के चढलेले हवेत. आणि फोटो बरेच असतील तर संगणकाला रॅमही भरपूर लागते, हे आधीच धरून चला.

जवळच्या अवरक्त प्रकाशाचा, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारा कॅमेरा असेल, तर एनडीव्हीआयही काढता येतो; हा त्या प्रकाशाची लाल प्रकाशाशी तुलना करणारा निर्देशांक. निरोगी पान अवरक्त प्रकाश हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त परतवतं, त्यामुळे फरक ठळक दिसतो. बदल केलेल्या कॅमेऱ्यांसाठी प्रकाशाच्या पट्ट्यांचा (कॅमेरा टिपतो त्या रंगांचा) क्रम निवडायची सोय दिली आहे. तो क्रम चुकला तर सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही, मुकाट्याने चुकीचा नकाशा देतं, म्हणून उघड्या मातीचा एक तुकडा बघून आकडा पटतो का ते तपासावं. पीक दाटलं, ओळी मिटल्या, की एनडीव्हीआय वरच्या टोकाला जाऊन अडकतो आणि बऱ्या-उत्तम पिकातला फरक दाखवेनासा होतो. त्या टप्प्यावर रेड एज पट्टी (लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा प्रकाश) असलेला कॅमेरा उपयोगी पडतो.

साधा ड्रोन हाताशी आहे आणि शेत पायी तुडवायची तयारी आहे, त्याने हे जरूर वापरावं. नकाशा बघून घरबसल्या औषध ठरवायचं असेल, तर मी हे सुचवणार नाही.