आश्वासनांचा वजनकाटा: ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटरी बजेट ऑफिसची सेवा कितपत कामाची?

कॅनबेरातलं पार्लमेंटरी बजेट ऑफिस, थोडक्यात पीबीओ, निवडणुकीत पक्षांनी दिलेल्या आश्वासनांना पैसे किती लागतील ते मोजून जाहीर करतं. हे कार्यालय संसदेचं, सरकारचं नव्हे. सेवा फुकट आहे आणि जळगाव-धुळ्यात बसून मोबाइलवरही उघडते. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा का कापला ते पुढे येईलच. पण पाडळसे धरण, गिरणेवरचे सात बलून बंधारे आणि कापसाचा भाव यांवरची भाषणं जो कोणी दर निवडणुकीत ऐकतो, त्याने हे संकेतस्थळ एकदा तरी चाळावं.

हे कार्यालय एका अटीतटीच्या निकालातून निघालं. २१ ऑगस्ट २०१०च्या निवडणुकीत दीडशे जागांपैकी लेबर पक्षाला ७२ आणि लिबरल-नॅशनल आघाडीलाही ७२ मिळाल्या. बहुमताला ७६ हवेत. उरलेल्या सहांत एक ग्रीन पक्षाचा, एक वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा वेगळी चूल मांडलेला नॅशनल आणि चार अपक्ष. सरकार कोणाचं हे ठरायला सतरा दिवस गेले. प्रचारात आघाडीने आपल्या आश्वासनांचा हिशोब अर्थखात्याकडे तपासायला द्यायचं नाकारलं होतं. कारण काय, तर आधीचा एक हिशोब अर्थखात्यातून फुटला. खासगी लेखापालांकडून तपासून घेतलाय, एवढ्यावर त्यांनी भागवलं. निकालानंतर विंडसर, ओकशॉट आणि कॅटर हे तीन अपक्ष अडून बसले की आधी दोन्हीकडचे आकडे अर्थखात्याकडून तपासून आणा, मग पाठिंब्याचं बोलू. तपासणीत आघाडीच्या हिशोबात ७ ते ११ अब्ज डॉलरची तूट निघाली. आघाडीचं म्हणणं, ही तूट नव्हे, गृहीतकांतला मतभेद आहे. शेवटी लेबरच्या ज्युलिया गिलार्ड यांचं सरकार ७६ विरुद्ध ७४ असं उभं राहिलं, आणि पाठिंब्याच्या करारात स्वतंत्र बजेट कार्यालयाचं कलम आलं. २०१२च्या मध्यापासून ते सुरू झालं.

आता सेवा नेमकी काय मिळते ते. एरवी कुठल्याही पक्षाचा खासदार आपली योजना इथे गुपचूप मोजायला देऊ शकतो. आकडा आवडला नाही तर तो खिशात ठेवायची मुभा आहे. निवडणूक लागून काळजीवाहू काळ सुरू झाला की मात्र मागणीही जाहीर आणि उत्तरही जाहीर. मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मोठ्या पक्षांना आपल्या जाहीर आश्वासनांची यादी कार्यालयाला द्यावी लागते. संसदेत किमान पाच सदस्य असलेल्या पक्षांना हे बंधनकारक आहे, लहान पक्ष आणि अपक्ष हवं तर स्वतःहून येतात. त्यानंतर कार्यालय सगळ्यांचा एकत्रित अहवाल काढतं: काळजीवाहू काळ संपल्यापासून तीस दिवसांत किंवा नवी संसद बसण्याच्या सात दिवस आधी, यातली जी तारीख उशिराची असेल तेव्हा.

अर्धा तारा इथेच गेला. अहवाल येतो तेव्हा मत देऊन महिना उलटलेला असतो. निकाल अटीतटीचा असेल तर सरकार ठरेपर्यंत काळजीवाहू काळ लांबतो आणि अहवालाचं घड्याळही उशिरा चालू होतं. ज्या निवडणुकीत हिशोबाची निकड सगळ्यात जास्त, तिथेच तो सगळ्यात उशिरा हाती पडणार.

तरीही एक श्रेय द्यायलाच हवं. तुमचे आकडे पोकळ, आमचे भरीव, ही निकालानंतरची तू-तू मैं-मैं पूर्वीसारखी मोकाट चालत नाही. आकडा तिसऱ्याने काढलेला असतो, आणि पराभूत पक्षाच्या आश्वासनांचंही तितक्याच बारकाईने वजन झालेलं असतं. हरलेल्यांनी जे कधी करायची वेळच आली नाही, त्याचाही हिशोब छापलेला सापडतो. आपल्याकडे हरलेला जाहीरनामा दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो.

आमच्या मते या दुकानातला सगळ्यात चांगला माल म्हणजे मोजणीच्या मागणीचा अर्ज. अहवालापेक्षाही चांगला. दिसायला साधा, पण प्रश्न एकेक नेमका. योजना कोणत्या तारखेला सुरू होणार? कायम चालणार की अमुक वर्षी बंद? रक्कम ठरावीक आहे की जितके पात्र तितके पैसे? राबवणार कोण? राज्यांनी किंवा दुसऱ्या कोणी पैसे घालायचेत का? पक्षाने स्वतः कुठली गृहीतकं धरली? एवढी उत्तरं लिहायला बसवलं तर अर्धी भाषणं जागेवरच गळून पडतील.

आपल्याकडचंच एक आश्वासन या अर्जात भरून बघू. २०२४च्या विधानसभेत लाडक्या बहिणीचे १५०० रुपये २१०० करण्याचा शब्द महायुतीने दिला होता. वाढ महिन्याला ६००, म्हणजे वर्षाला माणशी ७२०० रुपये. दर एक कोटी लाभार्थ्यांमागे ७२०० कोटी. हा गुणाकार पानटपरीवरही होतो. अर्जाचा कस पुढच्या रकान्यांत लागतो: कोणत्या महिन्यापासून, पात्रतेची अट तीच की बदलणार, आणि संख्या गोठवलेली की वाढती. तारखेचा रकाना रिकामा ठेवला की शब्द मोडला असं कोणाला म्हणताच येत नाही, फक्त अजून वेळ आली नाही असं म्हणता येतं. धरणा-बंधाऱ्यांना तर राज्यांच्या वाट्याचा प्रश्न जिथे दुखतं तिथेच बोट ठेवतो. मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवायचं आणि दिल्लीने मुंबईकडे, हा खेळ त्या एका रकान्याने उघडा पडतो.

भारतात याच्या जवळपास जाणारं काहीच नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ जुलै २०१३च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांवर कलम घातलं: आश्वासनामागचा तर्क आणि पैशाची सोय ढोबळमानाने सांगावी. गोम त्या ‘ढोबळमानाने’त आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये आयोगाने पक्षांकडून खर्चाचा तपशील ठरावीक नमुन्यात मागण्याचा प्रस्तावही मांडला होता. पण नमुना भरणारा पक्षच असेल आणि तपासणारा कोणी नसेल, तर तो कागद पीबीओच्या जवळपासही येत नाही.

आता उरलेला एक तारा. तो कापायचं कारण जास्त गंभीर आहे: ऑस्ट्रेलियात शब्द मोडल्याची जी मोठी भांडणं झाली, त्यातली बरीचशी या काट्यावर चढतच नाहीत.

गिलार्ड यांनी मतदानाच्या पाचच दिवस आधी टीव्हीवर सांगितलं होतं की आपल्या सरकारात कार्बन टॅक्स, म्हणजे कार्बनच्या उत्सर्जनावरचा कर, येणार नाही. सरकार टिकवायला ग्रीन आणि अपक्ष लागले, फेब्रुवारी २०११मध्ये कार्बनवर किंमत लावायचं जाहीर झालं, आणि १ जुलै २०१२पासून टनाला २३ डॉलर लागू झाले. पुढच्या निवडणुकीपर्यंत विरोधकांना दुसरा मुद्दा शोधावा लागला नाही. कार्यालय तेव्हा असतं तरी काय केलं असतं? ‘अमुक करणार नाही’ या आश्वासनाचा खर्च शून्य. तक्त्यात त्याची ओळच येत नाही.

दुसरं, निकालानंतरचे करार. अँड्र्यू विल्की या अपक्षाने पोकर मशीनवरच्या जुगाराला आळा घालण्याच्या बोलीवर २०१०मध्ये पाठिंबा दिला. नोव्हेंबर २०११मध्ये विरोधी बाकांवरचे पीटर स्लिपर सभापती झाले आणि सरकारला एका मताची ऊब मिळाली. जानेवारी २०१२मध्ये करार मोडला, विल्कींनी पाठिंबा काढला, सरकार तरलं. हा शब्द मतदारांना कधी दिलेलाच नव्हता, मग मतदानाआधीच्या यादीत तो असणार कुठून?

तिसरं, दुसऱ्याच्या नावावर खपवलेली आश्वासनं. २ जुलै २०१६ला आघाडी जेमतेम ७६वर थांबली, क्वीन्सलंडची हर्बर्ट ही जागा तर ३७ मतांनी गेली. आघाडी मेडिकेअर, म्हणजे तिकडचा सरकारी आरोग्य विमा, विकायला काढणार हा लेबरचा प्रचार, आणि मतदानाच्या दिवशी ‘मेडिकेअर’ या नावाने गेलेले मोबाइल संदेश, यांवर आघाडीचे पंतप्रधान टर्नबुल यांनी रात्रीच्या भाषणात खापर फोडलं. प्रतिस्पर्धी काय करेल याची भीती मोजायचं माप पीबीओकडे नाही.

२०२२चा अहवाल उघडतानाही हे ध्यानात ठेवा. लेबरने १५१पैकी ७७ जागा घेतल्या. आधीच कायद्यात बसलेली तिसऱ्या टप्प्याची करकपात तशीच ठेवू, हा त्यांचा शब्द होता. जानेवारी २०२४मध्ये तो बदलला: खालचा १९ टक्के दर १६वर आणला, ३७चा टप्पा राखला आणि ४५ टक्क्यांची पायरी दोन लाख डॉलर उत्पन्नाऐवजी १ लाख ९० हजारांवर ठेवली. कमी कमावणाऱ्यांचा यात फायदा झाला, पण शब्द मोडला तो मोडलाच. आणि चालू कायदा तसाच ठेवणं म्हणजे मोजणीत पुन्हा शून्य. विजेचं बिल २७५ डॉलरने उतरेल हे आश्वासनही त्याच निवडणुकीतलं. ते घराघरातल्या बिलाबद्दल होतं, सरकारी तिजोरीबद्दल नव्हे.

वाचणाऱ्यांसाठी काही सूचना. सगळं इंग्रजीत आहे, मराठी-हिंदीची आशा नको. २०१९पर्यंतचे अहवाल ‘पोस्ट-इलेक्शन रिपोर्ट’ या नावाने शोधा, २०२२पासून नाव ‘इलेक्शन कमिटमेंट्स रिपोर्ट’ झालंय. तिकडचं आर्थिक वर्ष जुलै ते जून, त्यामुळे आपल्या मार्च अखेरीशी ताळा घालू नका. आकडे दशलक्ष डॉलरमध्ये असतात: १ दशलक्ष म्हणजे १० लाख, १ अब्ज म्हणजे १०० कोटी. उणे चिन्ह दिसलं की तिजोरीतून पैसा जातोय, अधिक असेल तर येतोय. आडवी रेघ म्हणजे शून्य, आणि दोन टिंबं म्हणजे शून्य नाही पण इतकं कमी की पूर्णांकात बसत नाही. सुरुवातीचे चार वर्षांचे रकाने नीट वाचा. दहा वर्षांपर्यंतचे आकडेही देतात, पण जितकं पुढे जाल तितका भरवसा पातळ होत जातो, आणि तसं ते स्वतःच लिहितात. प्रत्येक मोजणीखाली गृहीतकं आणि पद्धत दिलेली असते. घाईत असाल तर तक्ता सोडा, ती गृहीतकं वाचा. मोठी पीडीएफ मोबाइलवर अडकते, म्हणून हव्या त्या आश्वासनाची सुटी फाइल उतरवावी. स्वतः आकडे फिरवून बघायचे असतील तर ‘बिल्ड युवर ओन बजेट’ हे साधन संगणकावरच उघडा.

अमुक आश्वासन पाळलं की मोडलं, एवढंच ज्याला हवंय त्याने इथे येऊ नये. योजना चांगली की वाईट हेही कार्यालय सांगत नाही आणि त्याने सांगूही नये. पण जिल्ह्यातल्या पत्रकारांनी आणि पाणी संघर्ष समित्यांनी तो अर्ज छापून घ्यावा, आणि पुढच्या प्रचारसभेत उमेदवार बलून बंधाऱ्यांवर आला की पहिला रकाना वाचून दाखवावा: सुरू करण्याची तारीख?